सुरांचा आसरा

जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहूर हे गाव लागते. पहूर, जामनेर, शेंदुर्णी या बाजूची कितीतरी मुले गावची शाळा संपली की पुढील शिक्षणासाठी जळगावची वाट धरतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी असाच एक मुलगा शिकण्यासाठी जळगावी आला होता. तो मूळचा खानदेशातला नव्हता. त्याचे आप्त जळगावी राहत असत, म्हणून आईवडिलांनी त्याला तेथे ठेवले होते. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना बालगंधर्व म्हणून ओळखू लागला, ते हेच.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. त्याच्या आईचे नाव अन्नपूर्णाबाई. घरची स्थिती बेताचीच होती. जळगाव त्या वेळी स्वतंत्र जिल्हा नव्हता; खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता आणि त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पुढे १९०६ साली झाले. कापसाच्या व्यापाराने गजबजलेल्या या गावात नारायणाला मेहबूबखाँ नावाचे गायनशिक्षक भेटले. शाळेतील पाठांपेक्षा खाँसाहेबांनी दिलेली सुरावट त्याच्या मनात अधिक घर करून राहिली. गळा मुळातच गोड. त्याला शिस्तीचे वळण लागले ते जळगावी. मोठा गवई कोणत्या नगरात गाजला हे आपण ध्यानात ठेवतो, परंतु त्याचा गळा कोणत्या गावी घडला याची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

नारायण दहा वर्षांचा असताना पुण्यास लोकमान्य टिळकांसमोर त्याचे गाणे झाले. ते ऐकून लोकमान्यांनी त्याचा बालगंधर्व म्हणून गौरव केला आणि तेच नाव त्याला जन्मभर चिकटले, असे सांगतात. गंधर्व म्हणजे देवलोकीचे गायक. एवढे मोठे नाव एवढ्या लहान वयात मिळाले की पुष्कळांचे पाय जमिनीवरून सुटतात. नारायणाच्या वाट्याला मात्र नावापाठोपाठ संकट आले. त्याला कानाची व्याधी जडली. ज्याला गायचे आहे त्याचा कानच अधू व्हावा, यासारखा दैवदुर्विलास कोणता? कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज गुणी माणसांचे मोठे चाहते होते. त्यांनी नारायणाला मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचारासाठी पाठविले. तेथेच त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

त्या काळी महाराष्ट्रात संगीत नाटकांचे वैभव होते. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले. पात्रे बोलता बोलता गात आणि आवडलेले पद प्रेक्षक पुन्हा पुन्हा म्हणावयास लावीत. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे तेव्हा समाजाला मान्य नव्हते, त्यामुळे स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. किर्लोस्कर नाटक मंडळी ही त्या वेळची अग्रगण्य मंडळी. तिचे गुणी नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले आणि त्यांची जागा भरून काढील असा गळा मंडळीला मिळेना. नारायणाच्या घरच्यांना मुलाने नाटकात जावे हे पसंत नव्हते. नाटकवाल्यांना तेव्हा समाजात मान नसे. अखेर शाहू महाराजांच्या शब्दाखातर संमती मिळाली आणि १९०५ साली मिरजेत नारायणराव शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले.

पुढील पाच-सहा वर्षांत त्यांची कीर्ती वाढत गेली. भास्करबुवा बखले यांच्यासारखे थोर गुरू त्यांना लाभले. बुवांच्या तालमीत त्यांनी अपार कष्ट घेतले. गाणे शब्दांना चिरडून पुढे जाऊ नये, शब्दाचा अर्थ सुरांतून उमलावा, हे त्यांचे वैशिष्ट्य याच काळात दृढ झाले.

आता १९११ सालच्या मार्च महिन्यातील एका दिवसाकडे वळू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ हे नवे नाटक मुंबईत प्रथमच रंगभूमीवर यावयाचे होते. खाडिलकरांचे हे पहिलेच संगीत नाटक. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी बांधल्या होत्या. कित्येक महिने तालमी चालल्या होत्या. जाहिराती झाल्या होत्या, तिकिटे विकली गेली होती, आणि नाटकातील नायिका भामिनी हिची भूमिका नारायणरावांकडे होती. प्रयोगाच्या त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी देवाघरी गेली.

तेवीस वर्षांचाही न झालेला तो बाप. घरात पत्नी लक्ष्मीबाई आक्रोश करीत आहेत, आणि तिकडे नाट्यगृहात हजारो डोळे पडद्याकडे लागणार आहेत. मंडळीतील जाणत्यांनी प्रयोग पुढे ढकलण्याची तयारी दाखविली. तसे झाले असते तर कोणीही नावे ठेविली नसती. परंतु नारायणरावांनी प्रयोग ठरल्याप्रमाणे व्हावा असा आग्रह धरला. संध्याकाळी ते रंगपटात आले. त्यांनी तोंडाला रंग लावला, शालू नेसला, केसांत फुले माळली, आणि घंटा झाल्यावर ते भामिनी होऊन प्रेक्षकांसमोर गेले.

भामिनी ही श्रीमंताची मानी, हसरी, तोऱ्यात वागणारी मुलगी. नाटक विनोदाचे आणि आनंदाचे. ज्या बापाने काही तासांपूर्वी आपले मूल गमावले, त्याने रात्रभर ते हसू ओठांवर ठेवावयाचे होते. प्रयोग विलक्षण रंगला. पदांना पुन्हा पुन्हा मागणी आली आणि दर वेळी नारायणरावांनी ती पुरी केली.

या प्रसंगाविषयी लोकांनी दोन्ही प्रकारे बोलून पाहिले आहे. कोणी म्हणतात, केवढी ही कर्तव्यनिष्ठा! कोणाला वाटते, दुःखाच्या दिवशी घरच्यांजवळच राहावयास हवे होते. लक्ष्मीबाईंची ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार नाटकाच्या इतिहासात फारसा कोणी केलेला दिसत नाही, आणि तो करावयास हवा. एवढे मात्र निश्चित की नारायणरावांचे काळीज दगडाचे नव्हते. ज्या माणसाला जन्मभर गाण्यावाचून दुसरे काही ठाऊक नाही, तो दुःख घेऊन जाणार तरी कोठे? आपण रडण्यासाठी आईच्या कुशीत शिरतो. ते सुरांच्या आश्रयाला गेले. त्या रात्री त्यांचे गाणे प्रेक्षकांसाठी होते तितकेच त्यांच्या स्वतःसाठीही असले पाहिजे.

१९१३ साली नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटक आले. त्याला भास्करबुवांनी चाली दिल्या होत्या आणि नारायणराव रुक्मिणी झाले होते. त्यांचे चालणे, पदर सावरणे, मान वेळावणे इतके अस्सल असे की स्त्रियाही ते निरखून पाहत. केसांत गजरा कसा माळावा आणि लुगडे कसे चापूनचोपून नेसावे, याची नवी रीत या नटाकडून घरोघरी गेली.

१९१९ साली याच मंडळीने राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. गडकरी ते पाहू शकले नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते. दारूच्या व्यसनाने एक बुद्धिमान वकील आणि त्याचा सोन्यासारखा संसार धुळीस कसा मिळतो, याची ही कथा. वकिलाची पत्नी सिंधू हिची भूमिका नारायणरावांनी केली. आतापर्यंत भरजरी शालू आणि पैठण्या नेसून येणारे नारायणराव येथे ठिगळे लावलेले साधे लुगडे नेसून आले. दळणकांडण करून पोट भरणारी सिंधू जात्यावर बसून गाऊ लागली की प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येत. नाटकाच्या शेवटी सिंधूचे तान्हे मूल मरते. १९११ सालची ती गोष्ट ज्यांना माहीत होती, त्यांना हा प्रवेश पाहताना काय वाटले असेल! ज्या घरात असा प्याला शिरला होता, त्या घरातील स्त्रियांना आपले न सांगता येणारे दुःख कोणीतरी भर सभेत बोलून दाखवीत आहे असे वाटले. दुःख हलके होण्यास कधी कधी तेवढेही पुरते.

जसे यश तसा खर्च. नारायणरावांना रंगभूमीवर खोटे काही चालत नसे. राजवाड्याचा देखावा असला की गालिचे उंची हवेत, वस्त्रे खऱ्या जरीची हवीत, प्रेक्षागृहात अत्तराचा सुगंध दरवळला पाहिजे. साथीला कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँ यांचा तबला, म्हणजे त्या काळचे नामांकित कलावंत. मंडळीत जेवणाऱ्यांच्या पंगतीच्या पंगती उठत. मन राजाचे आणि हिशेब कोणाचाच नाही, अशी तेथे परिस्थिती होती. १९२० साली ‘द्रौपदी’ नाटकावर पाण्यासारखा पैसा खर्च झाला, आणि लवकरच मंडळीवर लाखाहून अधिक रुपयांचे कर्ज झाल्याचे उघड झाले. त्या काळचा लाख म्हणजे आजचे कितीतरी कोटी! वहीखाते न पाहणाऱ्याला पुढे वहीखाते पाहतेच. कितीही मोठा कलावंत असला तरी या नियमातून त्याची सुटका होत नाही.

मात्र कर्ज बुडवून मोकळे व्हावे, असा विचार त्यांनी मनात आणला नाही. नाटके करीत, गावोगाव फिरत, वर्षानुवर्षे ते पैसे फेडीत राहिले. विशेष हे की स्वतःवर असा बोजा असतानाही सार्वजनिक कार्यासाठी त्यांचा हात आखडला नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘मानापमान’ नाटकाचा एक संयुक्त प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि नारायणराव भामिनी. दोन मंडळ्यांचे हे दोन मानकरी. प्रेक्षक त्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजत. लोकांना वाटले, आज गाण्याची कुस्ती पाहावयास मिळणार. प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांना सांभाळून घेत असे गाणे केले की कोण जिंकले हा प्रश्नच उरला नाही. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव ऐन तारुण्यात वारले. त्यामुळे त्या रात्रीची आठवण पाहणाऱ्यांच्या मनात अधिकच कोरली गेली.

सर्वांनाच नाट्यगृहात जाणे कोठून परवडणार? खेड्यापाड्यांत मोठी नाटक मंडळी क्वचितच उतरे. अशा ठिकाणी ग्रामोफोनच्या तबकड्या पोहोचल्या. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत संपे. रंगभूमीवर जे पद नारायणराव बराच वेळ खुलवीत राहत, ते एवढ्याशा वेळात बसवणे म्हणजे घागरीतले पाणी पेल्यात ओतणे होते. तरीही चावी दिलेल्या त्या यंत्राभोवती माणसे गोळा होत आणि दिवसभराचा शीण विसरत.

इतक्यात काळाने कूस बदलली. १९३१ साली भारतात पहिला बोलपट निघाला आणि १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. पडद्यावरची चित्रे बोलू आणि गाऊ लागली. थोडक्या पैशांत, दोन-अडीच तासांत करमणूक होऊ लागली. नाटकांची गर्दी ओसरली. कित्येक नाट्यगृहांत नाटकाऐवजी चित्रपट दिसू लागले. गंधर्व मंडळीलाही हे ओझे पेलेना. अखेर नारायणरावांनी प्रभात कंपनीशी भागीदारी केली.

१९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’ हा बोलपट आला. पैठणचे संत एकनाथ यांच्या चरित्रावरील हा चित्रपट. संगीत मास्तर कृष्णराव यांचे होते. तेही भास्करबुवांचेच शिष्य. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ असे ठेवले होते, परंतु परीक्षण मंडळाने त्याला हरकत घेतल्यामुळे ते बदलावे लागले. महात्मा म्हटले की त्या काळी एकच मूर्ती डोळ्यांसमोर येई, ती गांधीजींची. अस्पृश्य मानलेल्या माणसांना जवळ करणारे, त्यांच्या घरी जाऊन जेवणारे आणि त्यासाठी स्वजनांचा रोष शांतपणे सोसणारे नाथ नारायणरावांनी उभे केले. आयुष्यभर स्त्रीवेषात गाजलेला हा नट येथे पागोटे आणि उपरणे घालून आला. प्रेक्षक करमणुकीसाठी जात आणि शिवाशिवीसंबंधी विचार करीत परत येत. मंदिराच्या पायरीवर जे ऐकून घेण्याची लोकांची तयारी नव्हती, ते त्यांनी चित्रपटगृहाच्या अंधारात ऐकून घेतले.

परंतु नारायणरावांचे मन तेथे रमले नाही. नाटकात एकदा पडदा उघडला की नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणी नसते. एखादी तान चांगली गेली की समोरून दाद येते आणि त्या दादेने पुढची तान अधिक उजळते. चित्रपटाचे काम तुकड्यातुकड्यांनी चालते. कधी शेवटचा प्रसंग आधी, कधी पहिला शेवटी. डोळ्यांवर झगझगीत दिवे, समोर निर्जीव यंत्र, आणि गाणे मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावयाचे. सत्तेचाळीस वर्षांच्या या गायकाला ऐकणाऱ्यांवाचून गाता येईना. आणखी चित्रपट करण्याचे ठरलेले होते, पैशाची निकडही होती. तरी एका चित्रपटानंतर ते प्रभातमधून बाहेर पडले. १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात ते मीराबाईच्या वेषात पुन्हा पडद्यावर दिसले, पण ते तेवढेच. त्यांनी पुन्हा नाटकांचा मार्ग धरला.

व्यवहाराच्या दृष्टीने ही चूक होती. बोलपटांचा काळ चढता होता आणि नाटकाचा उतरता. परंतु सुरांचा जो आसरा त्यांनी १९११ साली धरला होता, तो समोर बसलेल्या माणसांवाचून पुरा होत नव्हता. हे त्यांना स्वतःला आतून कळले होते आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

पुढची वर्षे कष्टाची गेली. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी ही सुरेल गायिका मंडळीत आली. आता स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या. नायिकेच्या भूमिका गोहरबाई करू लागल्या आणि नारायणराव पुरुषांच्या. १९४० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. त्यानंतर लवकरच अर्धांगवायूने त्यांचे पाय गेले. ज्यांच्या एका पावलाच्या डौलावर नाट्यगृह डोलत असे, त्यांना आता दुसऱ्यांनी उचलून बैठकीवर बसवावे लागे. गाठीशी पैसा नव्हता. समोर नाटकाचा पडदा नव्हता, अत्तर नव्हते, जरीचा शालू नव्हता.

गळा मात्र होता, आणि भजने होती. कोणी बोलावले की ते जात. पेटी लागे, तंबोरा जुळे, आणि थकलेल्या देहातून संतांचे अभंग उमटू लागत. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता हे ऐकणाऱ्यांना कळे. तरी मध्येच एखादा सूर असा लागे की म्हाताऱ्या श्रोत्यांना तीस-चाळीस वर्षांपूर्वीची एखादी रात्र आठवे. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी आपल्या सुखदुःखाच्या प्रसंगी हीच पदे गुणगुणली होती. गाणाराही आपली दुःखे विसरत होता आणि ऐकणारेही. १९५५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला आणि १९६४ साली पद्मभूषण हा किताब. त्याच वर्षी गोहरबाईही गेल्या.

पुणे शहरात मुठेच्या काठाजवळ त्यांच्या नावाचे भव्य रंगमंदिर बांधावयाचे ठरले. त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. पुढे जळगावातही त्यांच्या नावाने खुले नाट्यगृह उभे राहिले. लहानपणी जेथे त्यांनी स्वर घोटले त्या गावी आता दुसऱ्यांची गाणी होतात. पुण्याचे रंगमंदिर पुरे होऊन २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, त्याचे उद्घाटन झाले. त्यापूर्वीच, १५ जुलै १९६७ रोजी, पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला होता.